तळ्यातला घोडा

पडद्यावरची प्रतिक्रिया लाल झाली. बावीस सेकंद उरले होते आणि तिचं बोट बटणाजवळ थबकलं होतं.

"काय हो, हात गोठला का?" मागून घड्याळसाहेबांचा आवाज आला. नाव त्यांचं वेगळंच. पण एका प्रतिक्रियेला चाळीस सेकंद हा नियम त्यांचा, म्हणून सगळ्या खोलीने त्यांचं हे बारसं केलं होतं.

"वाचतेय, साहेब."

"वाचायला काय आहे त्यात? तिसरी शिवी आहे. तिसऱ्या शिवीला दार बंद. उडवा खातं."

ते पुढच्या रांगेकडे वळले. तिने त्या प्रतिक्रियेसाठी पाच मिनिटांची जादा सवलत घेतली. ती दिवसातून एकदाच मिळे.

खोलीत चाळीस टेबलं होती आणि खिडक्या न उघडणाऱ्या. मोबाइल दाराबाहेरच्या कपाटात, कुलपात. स्वतःच्या नावाने इंटरनेटवर कुठेही खातं ठेवायचं नाही, प्रेक्षकाशी बोलायचं नाही, तो कोण हे शोधायचं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका जाडजूड अद्भुत कादंबरीवर वाहिनीने मालिका काढली होती आणि पुस्तकाचे भक्त तिच्यावर तुटून पडले होते. राणीचे केस काळे होते, तांबडे कुणी केले? राक्षस खर्चात बसला नाही वाटतं? लेखक वर बसून कपाळ बडवत असेल! हे सगळं चाळणं हे तिचं काम. सकाळपासून चारशे जणांचा संताप तिच्या डोळ्यांखालून गेला होता.

हा मात्र वेगळा होता. टोपणनाव 'काठावरचा'. गेले सहा आठवडे तो एकच गोष्ट लिहीत होता, पण चाळीस टेबलांत ती तिच्या वाट्याला आज पहिल्यांदा आली.

"घोडा तळ्यात बुडत नाही. तो पलीकडच्या काठाला लागतो, अंग झाडतो आणि सगळं सैन्य भिजवतो. मालिकेने त्याला उगाच मारलं."

खाली लोकांनी त्याची साल काढली होती. कुठल्या पानावर रे शहाण्या? पुस्तक पाहिलंयस तरी का? त्यावर त्याने लिहिलं होतं, "पान माहीत नाही. मला माझ्या ताईने वाचून दाखवलंय." मग कुणीतरी म्हणालं, "म्हणजे ताई एक नंबरची थापाडी!" आणि तिथे त्याने ती तिसरी शिवी हासडली होती.

पुस्तकात घोडा बुडतो. सरळ तळाशी जातो, सैन्य पुढे निघून जातं. तो काठाला लागतो ते फक्त एकदाच, एका संध्याकाळी, एका अंथरुणापाशी. धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता, तापाने फणफणलेला, आणि घोड्याच्या नाकातोंडात पाणी जायला लागल्यावर हुंदके देऊन रडायला लागला होता. तिने पानावरची नजर न हलवता घोड्याला बाहेर काढलं. ऐकणारा तो एकटाच होता.

सतरा वर्षांचा झाल्यावर तो घरातून गेला. वडील "चालता हो" म्हणाले, तेव्हा ती दारातच उभी होती. एक शब्द बोलली नाही. त्याला बारा वर्षं झाली. मग वडील गेले, घर विकलं गेलं, लग्नात तिचं आडनाव बदललं. त्याने शोधायचं म्हटलं तरी शोधणार कुठे? आणि तिने तर शोधून शोधून हात टेकले होते.

दोन मिनिटं उरली. प्रतिक्रिया राहू दिली तर त्याच्यापर्यंत काहीच पोहोचणार नव्हतं. खातं उडवलं तर मात्र कारणाची एक ओळ त्याला जाणार होती. ऐंशी अक्षरं, त्यात आकडा चालत नसे, म्हणजे फोन नंबरही नाही. म्हणजे त्याला गाठायची एकच वाट होती, त्याला हाकलण्याची. ती ओळ साहेबांच्या पडद्यावरही त्याच क्षणी उमटे, आणि कामावरून खासगी निरोप धाडणाऱ्याला ते दुसरा दिवस दाखवत नसत. पण तिचा जीव अडकला होता तो नोकरीत नव्हे. हा माणूस ताई खोटं बोलत नाही म्हणून सहा आठवडे जगाशी भांडला होता. आता त्याला ओळख पटवायला तिच्याकडे त्या खोट्याशिवाय काहीच नव्हतं.

तिने टाइप केलं, 'घोडा बुडतो. तू रडत होतास म्हणून मी खोटं वाचलं. ताई.' आणि बटण दाबलं.

साहेब ताडताड चालत आले. "हे काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं, साहेब."

"ओळखपत्र ठेवा टेबलावर. आणि निघा."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची ओढत वळला. लोकांच्या प्रतिक्रिया चालीवर म्हणून दाखवायची खोड होती त्याला. खोलीत त्याला कवी म्हणत. या वेळी त्याने चाल लावली नाही.

"ए, थांब. उडवलेल्याचा फेरविचाराचा अर्ज माझ्याकडे आलाय. तुझा तो घोडेवाला. फोन नंबरही दिलाय."

"काय म्हणतोय?" ओळखपत्र हातातच धरून ती त्याच्या टेबलाकडे वळली.

कवीने सावकाश वाचलं, "ताप उतरला त्याच दिवशी मी ते पान स्वतः वाचलं होतं, ताई, पण बुडालेला घोडा सगळ्यांनाच ठाऊक आहे, पोहून आलेला फक्त तुलाच, म्हणून सहा आठवडे तोच सोडत होतो."