घरचं केळं

केरळच्या जंगलात जीप थांबली. उंच झाडावर काळी माकडीण पोटाशी पिल्लू धरून बसली होती. “ही जात जमिनीवर उतरत नाही. खायला दाखवू नका,” गाईडनं बजावलं. पण आम्ही चोपड्याची माणसं, घरच्या बागेतली केळ्यांची फणी घेतल्याशिवाय प्रवासाला निघत नाही. मी एक केळं सोलून रस्त्यावर टाकलं. ती उतरली. बायको म्हणाली, “अहो, पुरे आता.” तरी मी ती केळं खातानाचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला आणि दुसरं टाकलं. ते उचलायला ती वाकली तेव्हा वळणावरून दुसरी गाडी आली. मेलेल्या आईला पिल्लू सोडेना. गाईडनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. तेवढ्यात गावाहून पुतण्याचा फोन आला; माझं स्टेटस गावभर पोचलं होतं. “नाना, बठ्ठा गाव देखी ऱ्हायना! माकडीननी खादं ते केळं आपलंच शे ना?” “हो,” मी म्हणालो. “आपलंच.”