तांबडा, तांबडा, तपकिरी

कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेला, कधीच न जोडलेला जुन्या घरगुती संगणकाच्या सुट्या भागांचा संच चौकशीच्या टेबलावर पसरला होता. सरकारी जाळ्याबाहेर चालणारं यंत्र ज्याला जोडता येतं, त्याला सरकारची माणसं उचलून नेत, आणि नेलेला एकही माणूस आजवर परतला नव्हता. म्हणून जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले सदूभाऊ घैसास आज चेहऱ्यावरची रेषही न हलवता बसले होते.

"काका, हे काय असेल हो?" तपासनीस बाईंनी काळी चिप पुढे केली.

"मेलेलं झुरळ. पाय बघा की किती!"

"आणि ही पिवळी चकती?"

"पेपरमिंट. पण चघळू नका, जुनी आहे."

बाई खळखळून हसल्या. सदूभाऊंना वाटलं, सुटलो बुवा! बाईंनी मग एक रेझिस्टर उचलला आणि त्याचा वीजरोध किती ते सांगणारे रंगीत पट्टे न्याहाळत सहज म्हणाल्या, "तांबडा, तांबडा, तपकिरी. म्हणजे बावीस हजार ओहम."

असली चूक सदूभाऊंनी दुकानात पन्नास वर्षं कुणाचीच खपवून घेतली नव्हती.

"अहो, दोनशे वीस! तपकिरीचं एकच शून्य!"

बाईंनी रेझिस्टर खाली ठेवला आणि वहीत एक खूण केली.

"याच रेझिस्टरवर अडकलेले अकरावे तुम्ही," बाई मायेने म्हणाल्या. "चहा संपवा काका, गाडी यायला वेळ आहे."