गुरुवारी येऊ नकोस

चर्चच्या मंडळीचे सचिव निरोप घेऊन आले तेव्हा आई शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. रविवारची उपासना संपली की मायलेकींनी पाळकसाहेबांच्या घरी यायचं होतं. कशासाठी ते सचिवांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

गेल्या वर्षी आईचा धाकटा मुलगा तापाने गेला. अख्ख्या मंडळीने उपास धरून प्रार्थना केली होती, तरी गेला. पुढच्याच गुरुवारी प्रार्थनासभेत त्याची बहीण उभी राहिली. देवाने ऐकलंच नाही, की ऐकून नाही म्हटलं, असं तिने विचारलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मला माहीत नाही म्हणाले.

तेव्हापासून ती एकही गुरुवार चुकवत नव्हती. प्रार्थना करायची, पण ‘आमेन’च्या आधी एखादा प्रश्न ठरलेला. दिवसभर रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीवर लोकांना चोख उत्तरं देणारी ही मुलगी देवळात आली की नुसती विचारत सुटायची.

लोक चुळबुळ करू लागले. हिच्यामुळे बाकीच्यांचा विश्वास डळमळेल, असं सचिवांनी आईला ऐकवलं. मी कपडे शिवते, तोंडं नाही, असं आईने मशीन न थांबवता सांगितलं.

रविवारी पाळकसाहेबांनी खुर्चीत बसूनच उपदेश केला. हल्ली ते बसूनच बोलत. उपासना संपली तशी मुलीची पावलं रेंगाळली.

“आई, तू म्हणत असशील तर मी माफी मागते.”

“माफी चुकीबद्दल मागतात,” आई तिची कॉलर सारखी करत म्हणाली. “कुणी ऐकतंय असं वाटतं म्हणूनच माणूस विचारतो ना? चल, ताठ मानेने चल.”

पाळकसाहेब शाल पांघरून बसले होते. सचिव शेजारी. त्यांनीच विषय काढला, मंडळीतली कुजबुज सांगितली, आता साहेबांनीच काय ते ठरवावं म्हणाले. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलीला विचारलं, की मनातल्या शंका फिटल्या का.

“एकही नाही,” ती म्हणाली. नजर खाली गेली नाही.

“मग या गुरुवारपासून प्रार्थनासभेला येऊ नकोस.”

सचिव सैलावून बसले. आईने लेकीकडे पाहिलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. ऊर मात्र भरून आला तो अभिमानाने. ती उठली. आपली पोर खोटं बोलली नाही एवढं आपल्याला पुरे आहे, असं तिने शांतपणे सांगितलं आणि लेकीचा हात धरून दाराकडे वळली.

“बाई, थांबा, माझं बोलणं अजून संपलेलं नाही,” पाळकसाहेब म्हणाले. मग मुलीकडे वळले. “गुरुवारी तू इथे माझ्यापाशी ये. डॉक्टरांनी मला फार वेळ दिलेला नाही. उत्तरं घेऊन तर सगळेच येतील, पण शेवटपर्यंत माझ्याबरोबर विचारत बसेल असं कुणीतरी मला हवंय.”