दुपारी येणारं भूत

"विश्वास बसणार नाही तुझा, पण या फ्लॅटचं वीस वर्षांचं कर्ज बारा वर्षांत फिटलं ते एका भुताच्या जिवावर. आणि ते भूत या शिलाई मशीनमध्ये राहतं," मी नातीला, रेवाला सांगितलं. भंगारवाला दारात उभा होता. तिला स्वतःच्या टेबलासाठी मशीनचा कोपरा हवा होता.

"भूत रात्री येतं, आजोबा."

"हे दुपारचं. मी कामावर गेलो की याची खडखड सुरू. बिल्डिंगमधल्या साड्या ओढून आणायचं, फॉल-पिको करून परत करायचं आणि नोटा तांदळाच्या डब्यात ठेवायचं. हप्ता माझ्या पगारातून जायचा. डब्यातले पैसे मी दर दिवाळीला बँकेत वर भरायचो. मॅनेजर विचारायचा, काका, तुमचं मुद्दल एवढं भराभर उतरतं कसं? कर्ज संपलं त्या दिवशी भुताने शिरा केला आणि पहिल्यांदाच दुपारचं झोपलं."

"मग आजी काय करायची?"

"तिला तर ते कधी दिसलंच नाही."

माझी लेक स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने भंगारवाल्याला मानेनेच नाही म्हटलं आणि मशीनवर पुन्हा कव्हर घातलं.

"खोटं बोलू नका, बाबा. चष्मा लागला होता तुमच्या भुताला. शाळेतून आल्यावर त्याच्या सुईत दोरा मी ओवून द्यायचे."