बारावा फोटो

फांदीवर आमरीची, म्हणजे ऑर्किडची, सतरा फुलं होती. झाडाखाली कॅमेरा, त्याचा स्टँड, रोलचे दोन डबे आणि पाच फुटांची काठी. काठीवर अर्ध्या-अर्ध्या फुटाचे दहा पट्टे. बुडाचा काळा, त्यावर पिवळा, पुन्हा काळा, असे शेंड्याच्या पिवळ्यापर्यंत.

कॅमेरा कुमुदचा, काठी तिच्या भावाची. दोघं रेवदंड्याचे. कुमुद यंदा बी.एस्सी. झाली होती, रामचंद्र कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. झाडाला लागून काठी उभी केली की फोटोवरून झाडाची उंची काढता येते. रंग पावसात टिकत नाही, म्हणून वाटाड्या बुधाजीने आपल्या बेटातला बांबू तोडून काळे पट्टे विस्तवावर भाजून दिले होते. त्याच्या स्वतःच्या काठीचं टोकही तसंच भाजलेलं होतं. भाजल्या बांबूला कीड लागत नाही.

"कुठल्याच पुस्तकात नाही ही," रामचंद्र हळूच म्हणाला. "तीन वर्षांत पहिल्यांदा फुललीय. घाई करू नकोस, कुमे."

कुमुद धुकं सरायची वाट बघत होती. रोलवर एकच फोटो उरला होता, बारावा.

धुक्यातून आधी रावजी आला, मग त्याचे कोयतेवाले. रावजी कोळशाच्या ठेकेदाराचा मुकादम.

"मास्तर, सरका. या झाडावर खूण हाय."

"देवराईतलं झाड आहे हे. नबाबाच्या राज्यातसुद्धा कुणी तोडलं नाही."

"नबाब गेला, आता ठेकेदार हाय. फुलांचं फोटू काढून चूल पेटती का?"

बुधाजी आडवा आला. "हात लावशील तर डोस्कं फोडीन, रावज्या."

हे सगळ्यांनी ऐकलं. रावजीने कोयता उलटा धरून मूठ बुधाजीच्या तोंडावर हाणली. बुधाजी खाली बसला, रक्त थुंकला. मग रावजीने सुलट्या कोयत्याने एकाच घावात फांदी उतरवली आणि फुलं टाचेखाली रगडली.

"घ्या आता फोटू. झाड उद्या पाडतो."

तो वर निघून गेला. रामचंद्र खाली वाकला. तो चिखलातून पाकळ्या वेचत राहिला. एकही धड नव्हती.

बुधाजी तोंड धुवायला ओढ्यावर गेला. "वर आणखी कुठे आहे का बघतो," म्हणून रामचंद्र काठी टेकत निघाला. कुमुद एकटी लेन्स पुसत बसली. वरून रावजीचा आवाज येत होता, कोणाला तरी आईवरून शिव्या देत होता. मग तो आवाज थांबला.

दोघं थोड्या अंतराने परतले. दोघांचेही कपडे ओले होते.

"मिळाली?"

"नाही. ओढ्यात पाय घसरला," रामचंद्र म्हणाला. त्याने काठी झाडाजवळच्या गवतात रोवली. "चल, जाऊ या."

"निदान झाडाचा तरी काढू. दादा, काठी कातळावर घे. बूड दिसलं पाहिजे, तूच शिकवलंस ना?"

"या धुक्यात काय दिसणार? असू दे गवतात."

"मी धरतो, ताई," म्हणत बुधाजीने काठी उपटली आणि झाडाच्या बुंध्याशी कातळावर उभी केली. दुसऱ्या हातात त्याची स्वतःची काठी होती. धुकं क्षणभर फाटलं. कुमुदने कळ दाबली. धुकं पुन्हा मिटलं.

दुपारी रावजीचं प्रेत सापडलं. कवटी मागून फुटली होती. शेजारी वीतभरही नसलेला, भाजून काळा झालेला बांबूचा तुकडा रक्तात पडला होता.

कोयतेवाल्यांनी बुधाजीला कोळशाच्या भट्टीपाशी गाठलं. लाथांनी त्याच्या बरगड्या मोडल्या, त्याची काठी हिसकून आगीत फेकली. रामचंद्र आपली पट्ट्यांची काठी फिरवत गर्दीत घुसला. "मारू नका! पोलिसांत द्या!" त्याच्या मनगटावर घाव बसला, त्याचीही काठी त्याच आगीत गेली. पण बुधाजी जिवंत राहिला. फौजदाराने त्याला अलिबागला नेलं.

तिसऱ्या दिवशी बुधाजीची बायको जनी रेवदंड्याला आली. पायरीवरच बसली.

"ताई, फाशी देतील म्हणत्यात. त्याची काठी मोडली हुती म्हणं. मी म्हणते, हुती तशी धड हुती! आता जळली, दाखवू काय?"

कुमुद एकदम उभी राहिली. "फोटो आहे. रावजीचा आवाज थांबला त्यानंतरचा. काठी त्याच्या हातात होती!"

"धुक्यात काही उमटलं नसेल," मागून रामचंद्र म्हणाला. "उगाच बाईला आशा लावू नकोस."

"बघायला काय जातं?"

कोठीची खिडकी घोंगडीने बंद करून तिने रोल धुतला. वाळल्यावर बारावा फोटो मोठा करून छापला. लाल दिव्यात कागदावर आधी बुंधा उमटला, मग बुधाजीचा सुजलेला ओठ, मग त्याच्या काठीचं काळं टोक. धडधाकट.

"दादा!" ती आतून ओरडली. "सुटला बुधाजी! काठी अखंड आहे!"

बाहेर पावलं दाराशी आली.

"नक्की?" रामचंद्राने विचारलं.

"जनीला सांग, रडू नकोस म्हणावं. थांब, लांबीही काढते, म्हणजे फौजदाराला बोलायला जागा नको."

तिने भिंग घेतलं. मोजपट्टीची काठी शेजारीच होती, स्वच्छ उमटलेली, कातळावर टेकलेली. शेंड्यापासून एकेक पट्टा बोटाने मोजत ती खाली आली. पुन्हा वर जाऊन पुन्हा मोजले.

"कुमे," दारावर टकटक झाली. "दार उघड."

पट्टे नऊच होते. बुडाचा पिवळा.