होम म्हंजे घर

"पावणं, सांगितलं तर तुमचा इस्वास बसायचा न्हाई," सयाजीआबांनी मांडीवर थाप मारली. "परवा कॉलेजच्या पोरींची सॉफ्टबॉलची फायनल व्हती. आमच्या स्नेहलनं चेंडू असा टोलावला, त्यो थेट नारायणगावच्या एस्टीच्या टपावर! कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट फाडलं, राव! तवर ही तिन्ही बेस शिवून होमला हजर. होम म्हंजे घर बरं का. पोरीनं घर गाठलं की जिंकलं!"

मुलगी बघायला आलेली मंडळी पोट धरून हसली. स्नेहल पोह्यांचा ट्रे घेऊन उभीच होती. सकाळपासून आतल्या खोलीत तिच्या खेळाच्या सरांचे फोनवर फोन येत होते, मघापासून तेही थांबले होते. तिला ना राग येत होता, ना रडू. ट्रे जड आहे, एवढंच काय ते कळत होतं.



मुलाच्या धाकट्या बहिणीनं मोबाईलमधून मान वर केली. "काहीही काय, आबा! फायनल तर आत्ता सुरू झालीय, ओतूरला. मग ही घरी कशी?"