तळ्याची वाट

डब्लिनहून आलेल्या लॉरकनने तळ्याकाठची जमीन घेतली आणि पायवाटेवर फाटक घालून कुलूप ठोकलं. होड्या, पोहणं, काठावरची शेकोटी, सगळं त्याच्या पाहुण्यांपुरतं. गॉबनेटचा नवरा मालाखी अंथरुणाला खिळला, तेव्हा ती लॉरकनच्या दारात गेली.

"एकदाच त्याला पाण्यापाशी बसवते रे. जन्म गेलाय त्याचा या तळ्यात मासे धरण्यात."

"आज तुमच्यासाठी उघडलं, की उद्या अख्खा गाव टॉवेल घेऊन हजर होईल, काकू."

मालाखी तळं न बघताच गेला. गॉबनेटने डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही.

दफनभूमी चर्चच्या मागे, डांबरी रस्त्यावर. तरी तिने शवपेटी मुद्दाम तळ्याच्या वाटेने न्यायला लावली. अंत्ययात्रा फाटकाशी थांबली. आता नाही कसं म्हणणार? लॉरकनने मुकाट्याने कुलूप काढलं, टोपी काढली आणि चार माणसं बघताहेत म्हणून पुढे होऊन खांदाही दिला. संध्याकाळी कुलूप पुन्हा लागलं.

सकाळी बघतो तर कुलूप तुटलेलं, गॉबनेट गळाभर पाण्यात आणि काठावर अख्खा गाव, टॉवेल घेऊन.

"कुणाला विचारून आत आलात?" लॉरकन किंचाळला.

"ज्या वाटेने शवपेटी जाते ती वाट गावाची होते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल," गॉबनेट पाण्यातूनच म्हणाली.



"आणि खांदा तर तूच दिलास की रे!"